डोळा लागता लागता

दिवसभराचा शीण अंगातून उतरू लागलेला असतो, डोक्यातले विचार एकमेकांची संगत सोडून भलत्याच दिशेला निघालेले असतात, आणि नेमक्या त्या क्षणी पायाखालची पायरी नाहीशी झाल्याचा भास होतो. पाय ताडकन उडतो, कधी खांदा उसळतो, कधी सगळे अंगच गादीवर आपटल्यासारखे होते आणि माणूस टक्क जागा होतो. छाती धडधडत असते, कपाळावर बारीक घाम असतो आणि घाबरावे असे आजूबाजूला काहीही घडलेले नसते. साठ ते सत्तर टक्के लोकांना हा अनुभव कधी ना कधी येतो असे निद्रातज्ज्ञ सांगतात. वैद्यकात त्याला ‘हिप्निक जर्क’ किंवा ‘स्लीप स्टार्ट’ म्हणतात, आपण दचका म्हणू. बहुतेक लोक कूस बदलतात, झोपी जातात आणि सकाळी त्यांना त्याची आठवणही राहत नाही. ज्यांना एकाच रात्री तो पुन्हा पुन्हा येतो आणि डोळा लागण्याच्या उंबरठ्यावरून दर वेळी मागे खेचतो, त्यांची गोष्ट मात्र वेगळी असते. त्या मंडळींपैकी मी एक आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मी नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मज्जासंस्थेचा धडा इतकी वर्षे शिकवून झाला आहे, की प्रतिक्षिप्त क्रियेची आकृती मी फळ्यावर डोळे मिटूनही काढू शकेन. तरीही बारावीच्या उत्तरपत्रिकांच्या हंगामात हे दचके पहिल्यांदा रोजचे झाले, तेव्हा त्या ज्ञानाचा रात्री साडेअकराला फारसा आधार वाटला नाही. दिवसा कॉलेज, संध्याकाळी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मध्ये मध्ये चहा आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर एकामागून एक झटके, असा तो काळ होता. आपल्याला काहीतरी गंभीर झाले आहे या शंकेने मला त्या झटक्यांपेक्षा जास्त जागवले.

जाग आणि झोप या दोन अवस्थांमधली ये-जा मेंदू कशी करतो, याचा शोध एका साथीतून सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्नात मेंदूज्वराचे असे रुग्ण दिसू लागले, की त्यांतले काही सतत झोपून राहत आणि काहींना झोपच येत नसे. कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो या डॉक्टरांनी अशा रुग्णांचे मेंदू तपासले. निद्रानाश झालेल्यांच्या हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या केंद्राच्या, पुढच्या भागात आणि झोपाळूंच्या मागच्या भागात त्यांना इजा आढळली, आणि झोप आणणारे व जागे ठेवणारे भाग वेगवेगळे आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १९४९ मध्ये मोरुझी आणि मॅगून या संशोधकांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून मस्तिष्कस्तंभातल्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातल्या, जाळीदार रचनेचे काम दाखवून दिले. ती उद्दीपित केली, की मेंदूच्या विद्युतलहरी जागेपणाच्या होतात. झोप आणणाऱ्या चेतापेशींचा हायपोथॅलॅमसमधला एक पुंजका उंदरांमध्ये स्पष्टपणे ओळखला गेला तो १९९६ मध्ये. झोप आणणारा आणि जागे ठेवणारा असे हे दोन गट एकमेकांना दाबत असतात. ज्याची सरशी होते त्याचे राज्य चालते, आणि झोप लागताना हे सत्तांतर होत असते.

सत्तांतर म्हटले की गोंधळ आलाच, आणि इथेही तो होतो, कारण सगळा मेंदू एकाच क्षणी झोपत नाही. उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवले, की संवेदना पुढे पोचवणारा थॅलॅमस हा मेंदूचा आतला भाग आधी शांत होतो आणि मेंदूच्या बाह्यकातले, म्हणजे बाहेरच्या थरातले, बरेचसे भाग त्यानंतर काही मिनिटे जागेच असतात. अशा अर्धवट अवस्थेत स्नायूंचा ताण उतरत असताना मस्तिष्कस्तंभातून स्नायूंकडे एकदम आदेशांची लाट सुटते, आणि तोच दचका, असे त्याचे आज सर्वसाधारणपणे मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. झटका स्वतः पाव सेकंदही टिकत नाही. पडल्याचा भास, डोळ्यांपुढे लख्ख प्रकाश, कानात फटकन आवाज, हे सगळे त्याच गडबडीत अर्धवट जाग्या मेंदूने रचलेले असते. ब्रिटिश संशोधक इयन ऑस्वाल्ड यांनी १९५९ मध्ये विद्युतलहरींच्या नोंदी घेऊन या दचक्यांचा अभ्यास केला आणि त्यांचे नाते मेंदूच्या जागे होण्याच्या प्रतिक्रियेशी जोडले. हा दचका म्हणजे आपले पूर्वज झाडावर झोपत असतानाच्या काळाची खूण आहे, फांदीवरून घसरण्याआधी मेंदू सावध करत असे, असेही एक मत वाचायला मिळते. माझ्या विद्यार्थ्यांना ते फार आवडते. मला त्यात कथेचा भाग जास्त वाटतो, कारण ते खरे की खोटे हे तपासायची सोय नाही, आणि खरे निघाले तरी आपली झोप त्याने सुधारत नाही.

सायलस वेअर मिचेल या अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञांनी १८९० मध्येच असे रुग्ण नोंदवले होते, की ज्यांना या दचक्यांपायी झोप लागणेच कठीण झाले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या माणसांची आणि आपली अडचण एकच आहे हे वाचून मला विलक्षण बरे वाटले. एवढासा झटका माणसाची रात्र कशी खातो, हा या विषयातला खरा प्रश्न आहे. एका दचक्याने मिनिटभराची झोप मोडते. तो आला, माणूस जागा झाला, हृदयाचे ठोके मूळ गतीवर आले, की पुन्हा झोप लागायला शरीराची काहीच हरकत नसते. हरकत असते ती मनाची. दोन-तीन रात्री असे झाले, की चौथ्या रात्री आपण अंथरुणावर पडतो तेच मुळी पहाऱ्यावर. आता येईल का, आत्ता पाय किंचित हलला तो त्याचाच का, डोके जड झाले म्हणजे आता दोन क्षणांत येणार का, असे सगळे लक्ष झोपेच्या उंबरठ्यावर खिळून राहते. आमच्या कॉलनीतला गुरखा रात्रभर काठी आपटत आणि शिट्टी वाजवत फिरतो. चोर आलेला नाही हे तो इतक्या मोठ्याने सांगतो, की चोर परवडला असे एखाद्या रात्री वाटून जाते. माझ्या डोक्यातही तेच चालले होते.

या पहाऱ्यात एक दुष्टचक्र दडलेले आहे आणि ते नीट पाहण्यासारखे आहे. पहारा म्हणजे सावधपणा, आणि सावधपणा म्हणजे जागे ठेवणाऱ्या यंत्रणेला दिलेले बळ. झोप आणणारा गट दिवसभराच्या थकव्यामुळे जोर लावत असतोच, त्यामुळे दोघांमधली ओढाताण तीव्र होते आणि सत्तांतर सुरळीत होण्याऐवजी अडखळत होते. अशा अडखळण्यात दचका येण्याची शक्यता वाढते, तो आला की पहारा योग्यच होता अशी आपली खात्री पटते आणि पुढच्या रात्री पहारेकरी दुप्पट होतात. शिवाय ज्या दचक्याने पूर्वी जागही आली नसती, तो आता हमखास जाणवतो, कारण आपण त्याचीच वाट पाहत असतो. म्हणजे दचके खरोखर वाढतात आणि त्यांची मोजदादही वाढते, आणि रात्री दोन वाजता यांतले कोणते किती, हे सांगता येत नाही. घड्याळाकडे पाहणे, मनगटावरचे झोप मोजणारे यंत्र, सकाळी उठून झोपेची नोंद करणे ही सगळी त्याच पहाऱ्याची रूपे आहेत. नोंदवही डॉक्टरांनी मागितली असेल तर आठवडा-दोन आठवडे ठेवावी आणि मग बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

धंतोलीत आणि रामदासपेठेत पावलोपावली दवाखाने आहेत, त्यांतल्याच एका मज्जाविकारतज्ज्ञांकडे मी गेले. त्यांनी तपासणीपेक्षा प्रश्नच जास्त विचारले, आणि आता कळते की निदानाचा मोठा भाग त्या प्रश्नांतच होता. झटके फक्त झोप लागताना येतात की झोपेतही? झोपेत दर वीस ते चाळीस सेकंदांनी ठरावीक लयीत पाय हलत असतील तर तो वेगळा विकार असतो, आणि बहुधा तो शेजारी झोपणाऱ्याच्याच लक्षात येतो. संध्याकाळी बसल्या बसल्या पायांत काहीतरी वळवळल्यासारखे होते का, आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही का? तसे असेल तर ते अस्वस्थ पायांचे दुखणे, त्यात लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले फेरिटिन तपासावे लागते, कारण शरीरातल्या लोहाची कमतरता त्याचे एक मोठे कारण असते, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये ही कमतरता किती असते ते सांगायला नको. सकाळी उठल्यावर हाताला झटके येऊन कप किंवा ब्रश हातातून उडतो का? किशोरवयात सुरू होणाऱ्या एका प्रकारच्या अपस्माराची (फेफऱ्याची) ती खूण असू शकते. जीभ चावली जाणे, अंथरुण ओले होणे, शुद्ध हरपणे, दिवसाही झटके येणे, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. नैराश्यावरची किंवा चिंतेवरची काही औषधे, उदाहरणार्थ एस्सिटालोप्राम, घेताना असे दचके वाढल्याच्या नोंदी आहेत, मात्र तेवढ्यावरून औषध स्वतःहून बंद करण्याचा धोका दचक्यांपेक्षा मोठा आहे. माझ्या बाबतीत या सर्व प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी होती. दचके फार तीव्र असले तर क्लोनाझेपॅमसारखी गोळी काही काळ दिली जाते, पण तिची सवय लागते म्हणून डॉक्टरांनी ती मला दिली नाही. तुम्ही दिवसाला चहा किती घेता, एवढे मात्र त्यांनी दोनदा विचारले.

चहाचा हिशेब मला मनातून टाळायचा होता. कॅफिन मेंदूतल्या ॲडेनोसिनची वाट अडवते. ॲडेनोसिन दिवसभर साठत जाते आणि झोपेची ओढ निर्माण करते, त्यामुळे चहाने थकवा जात नाही, तो फक्त कळेनासा होतो. शरीरातले निम्मे कॅफिन बाहेर पडायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातले निम्मे रात्री अकराला रक्तात फिरतच असते. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या चारशे मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून अधिक कमी झाल्याचे २०१३ च्या एका अभ्यासात दिसले होते. कपभर चहात इतके कॅफिन नसते, साधारण तीस ते पन्नास मिलिग्रॅम असते, पण आमच्या स्टाफरूमचा चहा उकळून उकळून कडक केलेला असतो आणि पेपर तपासताना कप मोजण्याची पद्धत नसते. दुपारी दोननंतरचा चहा मी बंद केला. पहिले काही दिवस डोके दुखले आणि सहकाऱ्यांशी माझे वागणे फारसे गोड नव्हते. दचक्यांवर त्याचा परिणाम दिसायला आठवड्याहून जास्त वेळ गेला, आणि तो दिसलाही अर्धवटच.

चहाहून मोठे कारण होते साठलेली झोपेची उधारी. अपुऱ्या झोपेमुळे दचके वाढतात आणि दचक्यांमुळे झोप अपुरी राहते, हे आणखी एक चक्र. त्यातून सुटायला मला उत्तरपत्रिकांचा हंगाम संपावा लागला, हे कबूल करायला हवे. तपासणीचा शेवटचा गठ्ठा गेल्यानंतरच्या दिवसांत उठण्याची वेळ मी पक्की ठेवली, दुपारची झोप टाळली आणि रात्री झोप अनावर झाल्यावरच अंथरुणावर गेले. एवढ्याने जो फरक पडला तो कुठल्याही पूरक गोळीने पडला नव्हता. मॅग्नेशियमच्या गोळ्या या दचक्यांवर हमखास लागू पडतात असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण तसे म्हणण्याजोगा पुरावा नाही.

नागपूरचा उन्हाळा हा या बाबतीत एक स्वतंत्र अध्याय आहे. झोप लागण्याआधी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि ते तळहात-तळपायांतून उष्णता बाहेर टाकून उतरते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर आणि रात्रीही तिशीच्या आसपास असेल, तर ती उष्णता जाणार कुठे? उकाड्यात झोप उथळ होते, माणूस पुन्हा पुन्हा उंबरठ्यावर येतो आणि जितक्या वेळा उंबरठा, तितक्या वेळा दचक्याला संधी. झोपण्याच्या तास-दोन तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करावी असा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो शास्त्राला धरून आहे, कारण त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. मात्र मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्री नऊलाही इतके कढत असते, की सल्ला देणाऱ्याला एकदा त्याच पाण्याने न्हाऊ घालावेसे वाटते. बादली दुपारीच भरून सावलीत ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. कूलरची घरघर मात्र मला मानवते, कारण बाहेरचे तुटक आवाज तिच्यात बुडून जातात. डोळा लागत असताना अचानक झालेला आवाजही दचका आणू शकतो, आणि वीज जाऊन कूलर एकदम थांबला, की मला तर त्या शांततेनेही दचकायला होते.

व्यायामाचेही असेच. रात्री उशिरा केलेला जोराचा व्यायाम दचके वाढवतो असे सांगतात, पण उन्हाळ्यात संध्याकाळी सातपर्यंत रस्ता तापलेला असल्याने इथली माणसे रात्रीच बाहेर पडतात. फुटाळा तलावावर रमतगमत चालणाऱ्यांना त्याचा त्रास नसावा. नऊ वाजता जिममध्ये वजने उचलून दहाला जेवून अकराला झोपू पाहणाऱ्यांनी मात्र व्यायाम पहाटेवर न्यावा.

प्रत्यक्ष अंथरुणावर काय करायचे, यावर दोन उपाय मला विचारांती पटले. पहिला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत राहू नये, उठून दुसऱ्या खोलीत जावे, मंद दिव्यात काहीतरी निरस करावे आणि पेंग आली की परतावे, म्हणजे अंथरुण आणि तळमळ यांची मेंदूत बसलेली गाठ सुटते. लागोपाठ दोन-तीन दचके आले की मी उठते आणि स्वयंपाकघरात उद्याच्या शेंगा सोलत बसते. दुसरा उपाय व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारातून आलेला आहे. ज्याची भीती वाटते त्याचीच मुद्दाम इच्छा करायची. आज दचका यावा, चांगला जोरात यावा, असे म्हणत पडून राहायचे. ऐकायला हा चावटपणा वाटतो, पण पहारेकऱ्याला चोराचे स्वागत करायला सांगितले की त्याचे कामच संपते. एडमंड जेकबसन यांची स्नायू एकेक करून आवळण्याची आणि सैल सोडण्याची पद्धत चांगली आहे, शवासनही चांगले आहे, पण दचका टाळण्यासाठी म्हणून ती अंथरुणात करू नयेत. स्नायू सैल होताना दचका येण्याची शक्यता असतेच, योगवर्गात शवासनात पडलेल्या कितीतरी जणांचे पाय उडताना मी पाहिले आहेत, आणि तो आला की उपाय फसला असे वाटून माणूस आणखी ताठ होतो. ही शिथिलीकरणे संध्याकाळी, बैठकीच्या खोलीत, झोपेचा विचारही डोक्यात नसताना करावीत.

सासूबाईंचा उपाय याहून जुना. झोपेत दचकणाऱ्या लेकरांच्या उशाखाली लोखंडाचे काहीतरी ठेवायची आपल्याकडे रीत आहे. माझी तक्रार ऐकून त्या सहज म्हणाल्या, “अगं, चाकू ठेव उशाखाली आणि झोप निवांत. त्याला बघू दे काय बघायचं ते.” जीवशास्त्राच्या शिक्षिकेने चाकू ठेवला का, ते मी इथे लिहिणार नाही. पण बूट्झिन आणि फ्रँकल यांच्याकडून मी जे शिकले ते सासूबाईंच्या दुसऱ्या वाक्यात होते. पहारा कोणाकडे तरी सोपवून आपण झोपायचे, मग ते लोखंड असो की आणखी काही.

घरातल्या माणसांचीही यात भूमिका असते. सुरुवातीला माझे यजमान दचक्यासरशी उठून दिवा लावत, पाणी आणून देत आणि काय झाले म्हणून विचारत. त्यांची काळजी खरी होती, पण दिवा, पाणी आणि चौकशी यांमुळे मी पुरती जागी होत असे. आता माझा पाय त्यांना लागला तरी ते कूस बदलतात. सकाळी त्याबद्दल टोमणा मारण्याची मुभा त्यांना आहे आणि ती ते वापरतात.

मला अजूनही दचके येतात, मार्चमध्ये जास्त आणि पावसाळ्यात जवळजवळ नाहीत. माझ्या भाच्याची अडचण मात्र मला सोडवता आलेली नाही. तो मिहानमधल्या एका कंपनीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करतो आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. मागच्या महिन्यात घरी आला तेव्हा म्हणाला, “मावशी, झोप लागली रे लागली की कोणीतरी गच्चीवरून ढकलल्यासारखं होतं.” मी त्याला चहाचे सांगितले, खिडकीला जाड पडदा लावायला सांगितले, डॉक्टरांनी मला विचारलेले सगळे प्रश्न विचारले. घाबरण्यासारखे त्यात काही नाही हे त्यालाही पटले. पण ज्याचे शरीर एका वेळेला सरावते न सरावते तोच वेळ बदलते, त्याची उधारी पडद्याने फिटणार नाही. पाळी कायम एकच द्यावी, रात्रीची असली तरी चालेल, असा अर्ज त्याने दिला आहे. कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही.